भाऊ नाही, मग लाह्या कोण देणार आणि कान कोण पिळणार?

धाकटी_करवली:
ताईचं लग्न मार्गशीर्षात आहे. आम्ही दोघीच बहिणी. आईला भाऊ नाही, म्हणून मामेभाऊही नाही. एकुलता एक चुलतभाऊ परदेशात, त्याला रजा मिळत नाहीये. काल याद्या करायला बसलो तेव्हा काकूने हळूच विषय काढला, "लाजाहोमाला, म्हणजे नवरी अग्नीत लाह्या अर्पण करते तेव्हा, भाऊ म्हणून कोण उभं राहणार? कानपिळीचं काय?" आणि शेजारच्यांचा सातवीतला मुलगा सुचवला. ताई त्याला आतापर्यंत दोनदा भेटली असेल, त्यातही एकदा तो आमच्या गॅलरीत पडलेला चेंडू मागायला आला होता.

मी तेव्हा गप्प बसले. रात्री मात्र झोप येईना. भाऊबीजेला आमच्याकडे आधी चंद्राला ओवाळतात आणि मग आम्ही दोघी एकमेकींना. तिची दहावीची पुस्तकं मला, तिचा ताप मला, सगळं मला. मग लाह्या तेवढ्या चेंडूवाल्याने द्यायच्या?

मी उभी राहिले तर चालेल का? बाबा म्हणतात, "भांडू नकोस, नीट माहिती काढ, मग गुरुजींना फोन करू." शिवाय मी करवली आहे, करा घेऊन मागे उभी असणार. दोन्ही कसं जमवायचं? आणि कान किती जोरात पिळतात?

जुना_याज्ञिक:
बाळ, तू दोन गोष्टींची गल्लत करते आहेस. कान पिळणं हा लोकाचार, गृह्यसूत्रात, म्हणजे घरातले संस्कार सांगणाऱ्या जुन्या ग्रंथांत, तो कुठेही नाही. लाजाहोम मात्र विधी आहे.

आश्वलायन गृह्यसूत्रात शब्द आहेत 'भ्राता भ्रातृस्थानो वा'. म्हणजे भाऊ, नाहीतर भावाच्या जागी असलेला. शब्द पुल्लिंगी आहे, ते मी तुझ्यापासून लपवत नाही. पण भाऊ नसेल तर काय, हा प्रश्न सूत्रकारालाही पडला होता आणि त्याने वाट ठेवली, हे ध्यानात घे. माझ्या मते त्या जागी शेजारच्या पोरापेक्षा सख्खी बहीण शोभते. दुसरे गुरुजी वेगळं म्हणू शकतील, म्हणून आधीच विचारा. मांडवात अक्षता घेऊन लोक उभे असताना शास्त्रार्थ नको.

काम सोपं आहे. ताईच्या ओंजळीला तूप लावलं की तू दोनदा लाह्या घालायच्या (जमदग्नी गोत्राच्या लोकांत तीनदा), वर पुन्हा तूप. अशा तीन आहुती. चौथी ती स्वतः सुपाच्या कोपऱ्याने देते, मंत्र न म्हणता. लाह्या साळीच्या हव्यात. एका लग्नात कोणीतरी कुरमुरे आणून ठेवले होते. माणूस पाठवून लाह्या येईपर्यंत मी अर्धा तास नुसता होम धगधगता ठेवत बसलो, आणि वरपक्षाचे लोक माझ्याकडे असे बघत होते जणू कुरमुरे मीच खाल्ले.

ओढणी घेणार असशील तर पिन लाव. अग्नी जवळ असतो.

माहेरवाशीण_६२:
माझ्या लग्नात माझ्या थोरल्या बहिणीने कान पिळला होता, आणि चांगला लाल होईपर्यंत. सासूबाईंच्या नणंदेने नाक मुरडलं, पण ह्यांनी स्वतःच मान वाकवून कान पुढे केला म्हटल्यावर ती काय बोलणार!

घोटाळा झाला तो मानपानात. कानपिळ्याला द्यायचा आहेर त्यांनी रीतीप्रमाणे आधीच बांधून ठेवला होता, पँटपीस. ताईच्या हातात तो पडला. तिने त्याची पिशवी शिवली, ती अजून भाजी आणायला वापरते. तेव्हा कान कोण पिळणार आहे ते वरपक्षाला आधी कळवा, बाकी काही अडत नाही. करा त्या वेळेपुरता दुसऱ्या कुणाच्या हातात दे.

कोर्टाची_पायरी:
कुणी 'भाऊ नाही तर लग्न अपुरं' म्हणून घाबरवलं तर एवढं सांगा. हिंदू विवाह कायदा, 1955, कलम 7 : वर किंवा वधू, कोणत्याही एका पक्षाच्या रूढीप्रमाणे विधी झाले की पुरे, आणि त्यात सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो. कानाचा उल्लेख नाही.

मात्र जेवणाच्या घाईत सप्तपदी गुंडाळू नका. विधी झालेच नसतील तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्याने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये म्हटलं आहे. फोटोवाल्याला सात पावलांचे फोटो नीट काढायला सांगा. तो नेमका तेव्हाच जेवायला गेलेला असतो.

धाकटी_करवली:
बाबांनी काल गुरुजींना फोन केला. मी शेजारी उभी राहून 'भ्रातृस्थानो वा' असं कागदावर लिहून त्यांच्यासमोर धरला होता. त्यांनी ते 'भातस्थान' वाचलं, पण गुरुजींना समजलं. "लाह्या तिला देऊ दे," म्हणाले, "कानाचं तिचं आणि जावईबापूंचं त्यांनी बघावं."

लाजाहोमापुरता करा मावसबहिणीकडे. काकू दोन दिवस फारसं बोलली नाही, पण आज सकाळी साळीच्या लाह्या कुठे चांगल्या मिळतात ते तिनेच सांगितलं, आणि वर "दोन पुडे जास्त घे, तुझ्या हातून सांडतील."

पँटपीस नको, हे तिकडे कळवलंय. जिजाजींनी उलट निरोप पाठवला : नखं कापून ये.