टकर एका वर्षासाठी, सोसा वीस वर्षांनी: कब्स कन्व्हेन्शनला जाण्याआधी

रिगलीप्रेमी (११ जानेवारी २०२५)

येत्या शुक्रवारी, १७ तारखेला, शिकागोत नदीकाठच्या शेरेटन ग्रँडमध्ये आपल्या शिकागो कब्स या बेसबॉल संघाचं कब्स कन्व्हेन्शन सुरू होतंय. रविवारपर्यंत चालेल. ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: ऐन थंडीत, मैदानावर बर्फ असताना, संघाचे आजी-माजी खेळाडू, मॅनेजर आणि चाहते तीन दिवस एका छताखाली येतात. सह्या, फोटो, प्रश्नोत्तरं. १९८६ मध्ये कब्सनीच हे पहिल्यांदा केलं, मग बाकीच्या संघांनी उचललं.

माझं तिकीट काढून झालंय. पण जाण्याआधी दोन गोष्टी मांडायच्या आहेत, कारण दोन्हींवर माझे मित्र माझ्याशी वाद घालून थकलेत.

पहिली म्हणजे बॅटर काइल टकर. १३ डिसेंबरला आपण त्याला ह्यूस्टनकडून घेतला आणि बदल्यात तिघे दिले: थर्ड बेसचा आयझॅक परेडेस, पिचर (चेंडू टाकणारा) हेडन वेस्नेस्की, आणि कॅम स्मिथ, ज्याला आपण गेल्या जुलैतच नव्या खेळाडूंच्या निवडीत (ड्राफ्टमध्ये) पहिल्या फेरीत १४वा निवडला होता. टकरचा करार २०२५ अखेर संपतो. म्हणजे हातात एकच वर्ष. मला हा सौदा शंभर टक्के पटलाय.

२०२३ मध्ये आपण ८३ जिंकलो, ७९ हरलो. २०२४ मध्ये पुन्हा ८३ आणि ७९. मधे मॅनेजर म्हणून क्रेग काउन्सेलला पाच वर्षांचे ४ कोटी डॉलर देऊन आणलं, तरी आकडा तसूभर हलला नाही. हॅप, सुझुकी, स्वान्सन, हर्नर, सगळे चांगले. पण समोरच्या पिचरला आदल्या रात्री झोप लागू नये असा एकही नाही. टकर तसा आहे. गेल्या जूनमध्ये स्वतःच्याच बॅटचा चेंडू नडगीवर बसून हाड मोडलं, तीन महिने बाहेर होता, तरी ७८ सामन्यांत २३ होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर).

आणि एका वर्षाचं म्हणाल, तर २०१६ आठवा. पिचर अरोल्डिस चॅपमनला फक्त तीन महिन्यांसाठी आणायला आपण तरुण ग्लेबर टोरेस देऊन टाकला. मोसम संपला, चॅपमन यँकीजकडे परत गेला. पण १०८ वर्षांनी विजेतेपद आलं ना? त्या रात्री अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात पावसानं खेळ १७ मिनिटं थांबला, तेव्हा साताऱ्याहून आलेले माझे वडील माझ्या सोफ्यावर होते. त्यांना बेसबॉलचं ओ की ठो कळत नव्हतं. पण टीव्हीवर ती माणसं डोक्यावर टोप्या उलट्या घालून हात जोडून बसलेली बघून ते म्हणाले, "आता उठू नकोस, हलू नकोस, जागा बदलायची नाही." दहाव्या इनिंगमध्ये ८-७ ने जिंकलो तेव्हा आम्ही दोघंही रडत होतो. टोरेस गेल्याचं मला एक दिवसही वाईट वाटलेलं नाही.

दुसरी गोष्ट सॅमी सोसाची, आपल्या जुन्या होमरनवाल्याची, ज्याच्यावर उत्तेजकांचा संशय होता. २००४ नंतर पहिल्यांदाच त्याला संघानं बोलावलंय. डिसेंबरात त्यानं माफी मागितली, मालक टॉम रिकेट्सनी दार उघडलं. तो मंचावर येईल तेव्हा मी उभा राहून टाळ्या वाजवणार आहे.

तुमचं काय मत?

डावखुरा

दोन्हींवर असहमत. आधी टकर.

२०१६ चं उदाहरण इथे लागूच पडत नाही. चॅपमन आला तेव्हा तो संघ आधीच पहिल्या नंबरवर होता, वर्षाअखेरीस १०३ सामने जिंकला. एक वीट कमी होती, ती बसवली. ८३ वाल्या संघाला एक वीट पुरत नाही. आणि उदाहरणच द्यायचं तर २०१७ चं द्या. पिचर होसे किंतानासाठी आपण एलॉय हिमेनेझ आणि डिलन सीझ दोघे दिले, तेही गावातल्याच व्हाइट सॉक्सला. किंताना आला, खेळला, गेला. सीझ २०२२ मध्ये सर्वोत्तम पिचरच्या साय यंग पुरस्काराच्या मतदानात दुसरा आला आणि गेल्या जुलैत पाद्रेजकडून त्यानं नो-हिटर (समोरच्यांना एकही हिट न देता अख्खा सामना) टाकला. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागल्याचा हा हिशोब आहे.

कॅम स्मिथ जेमतेम ३२ सामने खेळलाय, तेही खालच्या लीगमध्ये. पण ज्यांनी ते बघितलेत त्यांना विचारा. चेंडू बॅटवरून निघतो तो आवाजच वेगळा होता.

आता मुख्य मुद्दा, जो तुम्ही धाग्यात घेतलाच नाहीत. टकर आल्यावर चार दिवसांनी आपल्याच बॅटरला, बेलिंजरला, यँकीजकडे पाठवला. बदल्यात कोण मिळालं? पिचर कोडी पोटीट. वर ५० लाख डॉलर आपण दिले. बेलिंजरचा यंदाचा पगार २.७५ कोटी. टकरचा परवा ठरला, १.६५ कोटी. म्हणजे मोठा खेळाडू आणला म्हणताना पगाराचं बिल खालीच आलं. हा संघ मजबूत करणं नव्हे, हा खर्च सांभाळणं आहे. माझा राग टकरवर नाही. आपल्या रिगली मैदानावर ४१ हजार लोक भर उन्हात, भर थंडीत येतात, त्यांच्या पैशाचं काय होतं हा माझा प्रश्न आहे.

मिलवॉकीवाला

शेजारच्या राज्यातून, ब्रुअर्सच्या चाहत्याचं एक मत. काउन्सेल आम्हाला सोडून तुमच्याकडे आला, तरी आम्ही ९३ जिंकून डिव्हिजन (आपल्या दोघांचा गट) घेतली, तुमच्यापेक्षा कितीतरी कमी पगारात. पैसा हे कारण अर्धंच आहे. आम्ही स्वतःचे पिचर घडवतो, तुम्ही विकत घेता. डावखुरा यांच्याशी सहमत, स्मिथसारखे पोरगे देऊ नयेत.

रिगलीप्रेमी

@डावखुरा, बेलिंजरचं मान्य. ते मलाही खटकलं. पण त्यामुळे टकरचा सौदा चुकीचा ठरत नाही. घरात नवी गाडी आली आणि त्याच आठवड्यात जुनी विकली, तर नवी गाडी वाईट होत नाही.

शिवाय परेडेसचं बघा. तो चेंडू कायम डावीकडे ओढून मारतो. ह्यूस्टनला डावीकडची भिंत ३१५ फुटांवर आहे, तिथे त्याचे होमरन होतील. रिगलीला तळ्यावरून वारा आत येतो, तेच चेंडू झेलले जातात. आपल्याकडे ५२ सामन्यांत त्याचे फक्त ३ होमरन झाले. त्याला त्याच्या खेळाला साजेसं मैदान मिळालं, आपल्याला टकर.

डावखुरा

आणि थर्ड बेसवर कोण? मॅट शॉ. मेजर लीगचा एकही सामना न खेळलेला मुलगा, आणि १८ मार्चला टोकियोत समोर डॉजर्स. थर्ड बेसचा ब्रेगमन अजून मोकळा (कुठल्याच संघाशी करार नसलेला) आहे, त्याला घ्या, मग मी तुमच्या बाजूनं बोलेन. हर्नरच्या हाताची ऑक्टोबरमध्ये शस्त्रक्रिया झालीय, तो पहिल्या दिवशी उभा राहील का तेही नक्की नाही. शेवटची, नववी इनिंग पिचर पोर्टर हॉजच्या भरवशावर. पिचर मॅथ्यू बॉइडला दोन वर्षांचे २.९ कोटी दिले, तो कोपराच्या ऑपरेशननंतर गेल्या वर्षी नियमित मोसमात जेमतेम आठ सामन्यांत सुरुवातीला उतरला.

टकरला पुढच्या हिवाळ्यात किती लागतील याचा विचार केलात? बॅटर हुआन सोटोनं मेट्सकडून १५ वर्षांचे ७६.५ कोटी घेतले. टकर तेवढा नाही मागणार, पण निम्मे धरा. कब्सच्या इतिहासातला सगळ्यात मोठा करार अजूनही हेवर्डचा आहे, १८.४ कोटी, २०१५ सालचा. जो मालक नऊ वर्षांत ती रेघ ओलांडत नाही, तो टकरसाठी दुप्पट देईल? मग नोव्हेंबरमध्ये टकरही नाही आणि स्मिथही नाही.

सातवीइनिंग

डावखुरांना +१. गेल्या वर्षी लक्झरी टॅक्सची (संघाच्या पगारखर्चावरच्या जादा कराची) मर्यादा ओलांडली तीही किती, तर कर आला साधारण ५.७ लाख डॉलर. एवढ्या मोठ्या संघाला ही रक्कम म्हणजे काहीच नाही. आणि मालकांना प्रश्न विचारायचे कुठे? पूर्वी कन्व्हेन्शनमध्ये रिकेट्स कुटुंबाचं खास सत्र असायचं. २०१९ मध्ये ते काढूनच टाकलं, आणि पुढच्या वर्षी, २०२० मध्ये, उद्घाटनाला लोकांनी टॉम रिकेट्सची हुर्यो उडवली. मी होतो त्या हॉलमध्ये. मीही ओरडलो होतो. त्याची लाज वाटत नाही.

ओकपार्ककर माई

मला सोसाबद्दल लिहायचंय, कारण टकरवर तुम्ही सगळे माझ्यापेक्षा जास्त जाणता.

आम्ही १९९७ मध्ये इथे आलो. भाषा येत होती पण माणसं ओळखीची नव्हती. खालच्या मजल्यावर एक आजी राहायच्या. त्यांनी मला पेन्सिलनं स्कोअरकार्ड भरायला शिकवलं, स्ट्राइक आउटला इंग्रजी के, आणि नुसतं बघत उभा राहून आउट झाला तर उलटा के. १३ सप्टेंबर १९९८ ला आम्ही दोघी रेडिओ लावून बसलो होतो. सोसानं त्या दिवशी ब्रुअर्सविरुद्ध मोसमातला ६१वा आणि ६२वा होमरन मारला, दोन्ही थेट मैदानाबाहेरच्या वेव्हलँड अव्हेन्यूवर. समालोचक पॅट ह्यूजचा आवाज चढला आणि आजींनी माझा हात धरला तो सोडेचनात. कार्डावर दोन काळे चौकोन भरले, ते कार्ड अजून माझ्याकडे आहे.

२०१६ नंतर लोकांनी रिगलीच्या विटांवर खडूनं आपल्या गेलेल्या माणसांची नावं लिहिली, तेव्हा मी आजींचं नाव लिहून आले. सोसा परदेशातून आलेला, लहानपणी सान पेद्रो दे माकोरीसला बूट पॉलिश करणारा. रोज सामना सुरू होताना उजव्या मैदानाकडे जीव खाऊन पळत जायचा आणि ब्लीचर्समधले (उघड्या बाकांवरचे) लोक त्याला मुजरा करायचे. मी त्याला माफ केलंय. टाळ्या वाजवणार.

डावखुरा

माई, तुमची आठवण मनाला लागली. तरीही मी टाळ्या वाजवणार नाही, आणि कारण सांगतो.

२००३ मध्ये त्याची बॅट फुटली आणि आत नियमाबाहेरचं बूच निघालं. सात सामन्यांची बंदी. म्हणे सरावाची बॅट चुकून आली. २००४ चा शेवटचा सामना चालू असताना तो सहकाऱ्यांना सोडून घरी निघून गेला. माझ्या लेखी उत्तेजकांपेक्षा हे मोठं आहे. आता माफीत तो म्हणतो, दुखापतीतून सावरायला जे जमेल ते केलं, कायदा मोडला नाही, चुका झाल्या. कुठली चूक? नाव घेत नाही. माफी मागायची तर केलेल्या गोष्टीचं नाव घेऊन मागावी. आमच्या घरी मुलांनाही हेच सांगतो.

सातवीइनिंग

इथे मात्र मी रिगलीप्रेमींच्या बाजूनं. २००३ च्या ज्या गुप्त उत्तेजक चाचणीत सोसाचं नाव असल्याची बातमी २००९ मध्ये आली, त्याच यादीत डेव्हिड ऑर्टिझचंही नाव असल्याची बातमी आली होती. ऑर्टिझ २०२२ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. त्याच वर्षी सोसाला शेवटच्या संधीत १८.५ टक्के मतं पडली. आपल्याकडून ५४५ होमरन मारलेल्या माणसाला एवढी वर्षं दारात उभं केलं. पुरे झालं.

रिगलीप्रेमी

आणि गर्दीचं मन बदलतं हो. वानखेडेवर गेल्या एप्रिलमध्ये हार्दिकला स्वतःच्याच लोकांनी किती छळलं. तीनच महिन्यांत, ४ जुलैला विश्वचषक घेऊन आला तर त्याच मैदानात त्याच्या नावाचा गजर. त्या दोन्ही दिवशी तिथे असलेली माणसं मला माहीत आहेत. त्यांच्यापैकी कोणी म्हणत नाही की दुसऱ्या दिवशी गेलो ते चुकलं.

डावखुरा

हार्दिकनं काही लपवलं नव्हतं. संघ बदलला, एवढंच. तुलना चुकतेय. पण शुक्रवारी मी येतोय. बसून राहीन, कोणाला ओरडणार नाही. माझं खरं काम रिकेट्सशी आहे. माइक हातात आला तर एकच विचारणार: टकरला थांबवायला किती तयारी आहे, हे तुम्ही खेळाडूंचे सौदे करणाऱ्या हॉयरला स्मिथ देण्याआधी सांगितलं होतं का? हॉयरच्याही कराराचं हे शेवटचं वर्ष आहे. ज्याला पुढच्या वर्षी आपण असू की नाही माहीत नाही, त्याच्या हातून स्मिथची पुढची सहा वर्षं दिली गेली.

रिगलीप्रेमी

हा प्रश्न मात्र विचाराच. मला मिळाला माइक तर मीही हाच विचारेन, शब्दशः. सौदा पटलाय म्हणूनच उत्तर हवंय.

ओकपार्ककर माई

शनिवारी नातवाला घेऊन येतेय. नऊ वर्षांचा आहे. मुलांची वेगळी पत्रकार परिषद असते, खेळाडूंना फक्त मुलंच प्रश्न विचारतात. त्याला हा धागा वाचून दाखवला आणि म्हटलं, टकरच्या कराराचं विचार. तो नाही म्हणाला. त्यानं स्वतःचा प्रश्न वहीत लिहून ठेवलाय: "तुमचा मित्र दुसऱ्या संघात गेला की ते तुम्हाला कोण सांगतं, आणि त्याच्या कपाटातल्या वस्तू कोण भरतं?"

डावखुरा

माई, त्याला पुढच्या रांगेत बसवा. मी लवकर येऊन जागा धरतो.