पहिल्यांदाच वाइन घेणाऱ्या घरच्यांसाठी कोणती बाटली आणावी?

तापीकाठ (भुसावळ)

नमस्कार मंडळी. येत्या मे महिन्यात माझ्या आई-वडिलांच्या लग्नाला ४० वर्षे पूर्ण होत आहेत. आमच्या घरात आजवर कोणी मद्य घेतलेले नाही. मात्र नाशिकला राहणाऱ्या बहिणीकडे द्राक्षमळे पाहून आल्यापासून आईच म्हणते आहे की, एकदा चव तरी घेऊन पाहू. आम्ही सहा मोठी माणसे असू आणि जेवणात वरण-बट्टी, वांग्याची घोटलेली भाजी, शेवभाजी व शेवटी आमरस असेल. दुकानदाराने महागातली रेड वाइन सुचवली आहे. ती घ्यावी का? वडिलांना मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, हेही सांगून ठेवतो.

केळीबाग (रावेर)

दादा, रेड वाइन या वेळी आणू नका, असे मी आग्रहाने सांगेन. रेड वाइन द्राक्षाच्या सालीबियांसकट आंबवतात, त्यामुळे त्यांतील टॅनिन हे तुरट द्रव्य तिच्यात उतरते. आमच्या घरी पहिल्या वेळी हीच चूक झाली होती. शेवभाजीच्या काळ्या मसाल्याचा रस्सा ताटात होता. मामींनी एक घोट घेतला आणि हिरडा चघळल्यासारखे त्यांचे तोंड आवळले गेले, जिभेवरचा तिखटपणा तर दुप्पट झाला. त्यांनी पेला जो बाजूला सारला, तो आजतागायत पुन्हा हातात घेतलेला नाही. बाटली चांगल्या प्रतीची होती, पण नवख्या जिभेला आणि आपल्या तिखटाला ती मानवणारी नव्हती.

तुम्ही शेनिन ब्लाँ या द्राक्षाची पांढरी वाइन घ्या. हे वाण मूळचे फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या खोऱ्यातले असले, तरी नाशिक परिसरात उत्तम रुजले आहे. सुला वाइनरी २००० साली सुरू झाली. त्यांची शेनिन ब्लाँ किंचित गोडसर असते, फळांचा वास ठळक असतो आणि थोडी उरलेली साखर तिखटाची धार बोथट करते. दुसरी कोणतीही बाटली घेतलीत तर लेबल नीट वाचा. ‘ड्राय’ म्हणजे जिच्यात गोडवा जवळजवळ उरलेला नाही अशी वाइन. आपल्याकडे पुष्कळ जण हा शब्द वाचून फसतात. फेसाळ वाइन घेण्याचा विचार असेल तर ‘ब्रूट’ हीसुद्धा गोड नसते, ‘डेमी-सेक’ गोड असते.

आता आमरसाविषयी. पानात गोड पदार्थ आला की त्याहून कमी गोड वाइन जिभेला नुसती आंबट लागते, म्हणून आमरस वाढण्याआधीच पेले उचलून घ्यावेत. सुरुवात मात्र रिकाम्या पोटी करू नका. तुपात भिजलेल्या बट्टीचे दोन घास पोटात गेल्यावर पहिला घोट घेतलेला बरा.

पांझरा (धुळे)

वडिलांच्या बाबतीत डॉक्टरांना आधी विचाराच. मधुमेहाच्या काही गोळ्यांवर मद्य घेतल्यास रक्तातली साखर अचानक खाली येऊ शकते. डॉक्टरांनी नको म्हटले, तर त्यांच्या पेल्यात थंडगार द्राक्षरस द्यावा, म्हणजे पेला उंचावताना ते एकटे पडणार नाहीत.

तापीकाठ (भुसावळ)

दोघांचेही मनापासून आभार. वडिलांच्या डॉक्टरांना उद्याच विचारतो. आणखी एक शंका आहे: आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि फ्रिज त्या दिवशी आमरसाच्या पातेल्यांनी भरलेला असेल. बाटली थंड कशी ठेवावी, आणि एकूण किती बाटल्या लागतील?

केळीबाग (रावेर)

एक बाटली पुरेल. तिच्यात ७५० मिलिलिटर वाइन असते. प्रत्येकाला १०० मिलिलिटर दिली तरी सहा जणांचे भागून थोडी उरते. पहिल्या वेळी याहून अधिक देऊ नये, कारण वाइनमध्ये साधारण १२ ते १३ टक्के मद्यार्क असतो आणि गोडसर चवीमुळे तो घेणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

पांढरी वाइन ८ ते १० अंशांना चांगली लागते. फ्रिज नसला तरी अडत नाही. स्टीलच्या बादलीत बर्फ आणि पाणी निम्मे-निम्मे घ्या, त्यात दोन मुठी जाडे मीठ टाका आणि बाटली मानेपर्यंत बुडवून ठेवा. वीस-पंचवीस मिनिटांत ती गार होते. नुसत्या बर्फात इतक्या लवकर होत नाही, कारण खड्यांमध्ये हवा राहते आणि पाणी मात्र काचेला सगळीकडून लागते. खरेदी करताना उन्हात मांडून ठेवलेली बाटली घेऊ नका, आणि घरी आणताना ती बंद गाडीत सोडून दुसऱ्या कामाला जाऊ नका. उन्हाने वाइनचा ताजेपणा जातो. फिरकीच्या झाकणाची बाटली मिळाली तर बुचाचा स्क्रू शोधत बसावे लागणार नाही.

पेले काचेचे घ्या, घरातले साधे पाण्याचे असले तरी चालतील. ते एक तृतीयांशच भरा, म्हणजे वरच्या मोकळ्या जागेत वास साठतो. आईंना आधी तो वास घेऊ द्या, मग घोट.

तापीकाठ (भुसावळ)

बादली, जाडे मीठ आणि बर्फ यांची सोय घरीच होईल. बहीण नाशिकहून सकाळच्या गाडीने येते आहे. शेनिन ब्लाँची एक बाटली आणि द्राक्षरसाची एक, अशा दोन्ही तिलाच सुती कापडात गुंडाळून आणायला सांगितल्या आहेत.