चिऱ्याच्या भिंतीतील ओल: सिमेंटचा गिलावा काढून चुन्याचा स्वतः करता येईल का? मार्गदर्शन हवे आहे

आमचे घर गुहागर तालुक्यात आहे. जांभ्याचे चिरे, वर मंगळुरी कौले आणि पंधरा इंच जाडीच्या भिंती असे हे आजोबांच्या काळातले बांधकाम असून मूळ दरजा माती आणि चुन्याने भरलेल्या होत्या. काही वर्षांपूर्वी डागडुजी करवून घेतली, तेव्हा ठेकेदाराने आतून सिमेंटचा गिलावा केला, त्यावर पुट्टी आणि प्लास्टिक रंग चढवला, माजघरातील सारवलेली जमीन उखडून फरशी बसवली आणि मागील अंगणात काँक्रीट ओतले. आता माजघराच्या मागच्या भिंतीवर जमिनीपासून साधारण तीन फुटांपर्यंत ओल धरली आहे. रंगाचे पोपडे सुटतात, त्यांच्याखाली पांढरा, पिठासारखा मऊ लोणा (भिंतीतून बाहेर आलेले क्षार) जमतो आणि तो झाडून काढला तरी पुन्हा येतो. टिचकी मारली की गिलावा बऱ्याच ठिकाणी पोकळ वाजतो. याच खोलीत आई झोपते आणि तिला दम्याचा त्रास आहे, त्यामुळे हे काम यंदाच्या कोरड्या हंगामात व्हावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आतापर्यंत दोन सल्ले मिळाले. रंगारी म्हणतात की ओलरोधक रंगाचे दोन हात द्यावेत; गवंडी म्हणतात की तीन फुटांपर्यंत टाइल लावून टाकाव्यात. दोन्ही उपायांनी भिंत झाकली जाईल हे खरे, पण आतले पाणी जाणार कुठे, हा प्रश्न राहतोच. जांभा हा सच्छिद्र दगड आहे. जमिनीतील पाणी त्यातून वर चढते, आणि पूर्वी ते चुन्याच्या गिलाव्यातून व सारवलेल्या जमिनीतून हळूहळू उडून जात असे. आता फरशी, काँक्रीट, सिमेंट आणि प्लास्टिक रंग यांनी त्याच्या सर्व वाटा बंद केल्या आहेत. म्हणून ते क्षारांसह भिंतीतच वर सरकते आणि जेथे फट सापडेल तेथे गिलावा फोडून बाहेर पडते, असे मला वाटते.

ही ओल हवेतील दमटपणाची नाही, याची खात्री करून घेण्यासाठी मी भिंतीवर प्लास्टिकच्या कागदाचा हातभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवला होता. पाण्याचे थेंब कागदाच्या भिंतीकडील बाजूस जमले. खोलीकडील बाजू कोरडी होती. त्या भिंतीत पाण्याची कोणतीही नळी नाही. बाहेरून पाहिले तर काँक्रीटचे अंगण जोत्याच्या वरच्या कडेला जवळजवळ टेकले आहे, आणि पावसाळ्यात पागोळ्यांचे पाणी त्यावर आपटून थेट भिंतीवर उडते.

बजेट मर्यादित आहे आणि चुन्याचे काम जाणणारा गवंडी आमच्या भागात आता मिळत नाही, म्हणून सुट्टीच्या दिवसांत मी आणि धाकटा भाऊ मिळून हे काम करावे असे ठरत आहे. छिन्नी, थापी, ओळंबा ही हत्यारे घरात आहेत आणि साध्या दुरुस्त्या आम्ही नेहमी करतो. चुना मात्र आम्ही कधी हाताळलेला नाही. चिऱ्यांना इजा न होता सिमेंट कसे काढावे, कळीचा चुना (भाजलेला, पाणी न लागलेला चुना) आणून घरी विरवावा, म्हणजे पाण्यात फोडावा, की पिशवीतला तयार चुना चालेल, वाळू कोणती आणि किती घ्यावी, दोन हातांमध्ये किती दिवस जाऊ द्यावेत, आणि मुख्य म्हणजे आधी आतले काम करावे की बाहेरचे, याबद्दल प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद:

आपले निदान मला योग्य वाटते, आणि शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत आधी देतो, कारण तेथेच बहुतेकांचा पैसा वाया जातो. बाहेरचे काम आधी करावे. भिंतीलगतचे काँक्रीट फूट-दीड फूट रुंदीत कापून काढावे, जमिनीची पातळी आतील फरशीपेक्षा किमान सहा इंच खाली न्यावी, त्या चरात गोटे भरावेत आणि चराला बाहेरच्या बाजूस उतार द्यावा. पागोळीखाली पन्हळ लावावी. एवढे झाल्यावर भिंत काही महिने उघडी राहू द्यावी. दिवाळीनंतर गिलावा काढला, तर नव्या गिलाव्यासाठी उन्हाळ्याआधीचे दिवस मिळतात. भिंत पुरती सुकली नाही, तर वर्षभर उघडी ठेवण्यातही काही बिघडत नाही.

सिमेंट काढताना पोकळ वाजणाऱ्या भागापासून सुरुवात करावी. छिन्नी भिंतीला जवळजवळ समांतर, तिरकी धरून हलके ठोके द्यावेत. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि हवा लागल्यावर त्याचा बाहेरचा थर कडक होतो. तो थर उडाला, तर आतला भुसभुशीत दगड उघडा पडतो. म्हणून जेथे सिमेंट घट्ट चिकटले आहे आणि ओलही नाही, तेथे ते तसेच राहू द्यावे. ओलीच्या रेषेच्या वर फूटभर मात्र गिलावा काढावाच. उघड्या चिऱ्यांवरील लोणा कोरड्या ब्रशने झाडून सुपडीत गोळा करावा व घराबाहेर टाकावा; धुतल्यास क्षार विरघळून परत आत जातात. दरजांतील सुटी माती इंचभर खरवडून त्या आधी चुन्याने भराव्यात.

चुन्याबद्दल माझा आग्रह असा की पहिल्यांदाच करणाऱ्याने कळीचा चुना विरवू नये. पाण्याशी संयोग होताच तो उकळतो आणि उडतो. डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. तयार भिजवलेला चुना मिळाला तर उत्तम, नाही तर ताजी, घट्ट बंद पिशवी आणून तो चुना पाण्यात कालवावा आणि वर पाण्याचा थर ठेवून निदान काही आठवडे मुरू द्यावा. बांधकामाच्या दुकानात पांढरी पुट्टीही मिळते. तो चुना नव्हे, बहुधा पांढऱ्या सिमेंटचे मिश्रण असते. मुरलेला चुनाही त्वचा भाजतो, म्हणून रबरी हातमोजे आणि बंद चष्मा वापरावा आणि स्वच्छ पाण्याची बादली हाताशी ठेवावी. डोळ्यात कण गेल्यास पंधरा-वीस मिनिटे सतत पाण्याने धुवून लगेच डॉक्टरांकडे जावे.

मुरलेला चुना एक घमेले आणि स्वच्छ, खरखरीत वाळू तीन घमेली हे प्रमाण घ्यावे. खाडीची वाळू अजिबात घेऊ नये, कारण तिच्यातील मीठच पुढे लोण्याच्या रूपाने वर येईल. आपल्याकडील दमट हवेत नुसता चुना फार सावकाश धरतो, म्हणून खालच्या तीन फुटांसाठी वाळूचा काही भाग कमी करून त्या जागी विटांची बारीक सुरखी घालावी. आधी भिंत ओली करून घ्यावी, प्रत्येक हात बोटाच्या जाडीपेक्षा जास्त नसावा आणि पहिला हात नखाने सहज उमटणार नाही इतका घट्ट झाल्यावरच दुसरा द्यावा. ऊन आणि वारा थेट लागू नये म्हणून ओले गोणपाट टांगावे आणि पहिले काही दिवस पाणी फवारत राहावे. वरून फक्त चुन्याची सफेदी द्यावी. प्लास्टिक रंग किंवा तैलरंग दिल्यास सगळे श्रम फुकट जातील.

आणखी एक प्रतिसाद:

वरील माहितीत दोन गोष्टींची भर घालतो. त्या भिंतीवर खालच्या बाजूस विजेचे बोर्ड असतील, तर छिन्नी लावण्यापूर्वी मेन बंद करावी आणि परवानाधारक वायरमनकडून ते बोर्ड वर सरकवून घ्यावेत. विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा ३० मिलीअँपिअरचा स्विच (आरसीसीबी) नसेल तर तोही बसवून घ्यावा, कारण नेहमीचा एमसीबी विजेच्या धक्क्यापासून वाचवत नाही. दुसरे असे की घरातल्या दारांना किंवा भिंतींना जुना तैलरंग असेल, तर तो कोरडा घासू नये. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७ पासून लागू आहे, त्याआधीच्या रंगांची खात्री नसते. पाणी मारून खरवडावे, एन-९५ मुखपट्टी लावावी, आणि काम चालू असताना आपल्या मातोश्रींची झोपण्याची सोय पडवीत नव्हे, घराच्या दुसऱ्या टोकाला करावी.

मूळ लेखक:

दोघांचेही मनःपूर्वक आभार. काँक्रीट कापण्याचे काम आम्ही आधी करू आणि वायरमनशी या आठवड्यातच बोलू. एक शंका उरते: माजघराची फरशी तशीच ठेवून भिंतीलगत चार इंचांची पट्टी उखडली आणि तेथे चुना व विटांचा चुरा भरला, तर जमिनीतील वाफेला वाट मिळेल का, की पूर्ण फरशी काढणेच श्रेयस्कर? कोणी असे करून पाहिले असल्यास कृपया कळवावे.