मदत हवी आहे: हिरवा चारा संपलाय, सुबाभूळ, वेड्या बाभळीच्या शेंगा आणि निवडुंग एकत्र देता येईल का?

नमस्कार मंडळी,

कमी पावसाच्या उष्ण भागात ज्यांनी गाई सांभाळल्यात किंवा पशुआहाराचा अभ्यास केलाय त्यांच्याकडून जरा सविस्तर उत्तर हवंय. हिरवा चारा संपलाय, पाऊस लांब आहे, गोठ्यात दुधातल्या, गाभण, भाकड अशा सगळ्या गाई आहेत, शिवाय वासरं. सुकी वैरण पोट भरण्यापुरती आहे, पण पेंड सगळ्यांना पुरेल एवढी घेणं जमत नाहीये.

माझी खरी काळजी प्रथिनांची आहे. भाताच्या पेंढ्यात प्रथिनं जेमतेम 3-4 टक्के, आणि एकूण खाण्यात ती साधारण 7 टक्क्यांच्या खाली गेली की कोठीपोटातल्या (गाईच्या पोटाचा पहिला मोठा कप्पा) जीवाणूंचीच उपासमार होते, मग काडी पचत नाही, पचत नाही म्हणून पुढे सरकत नाही आणि गव्हाण भरलेली असूनही गाय तोंड फिरवते. डोळ्यांदेखत जनावर खंगत जातं, ते बघवत नाही.

म्हणून पेंढ्यावर युरिया प्रक्रिया करतोय. 100 किलो पेंढ्याला 4 किलो युरिया, 40-50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरावर शिंपडायचा, तुडवून दाबायचा आणि प्लास्टिकखाली 21 दिवस हवाबंद ठेवायचा. उघडल्यावर अमोनियाचा असा भपकारा येतो की डोळ्यांतून पाणीच येतं, पण काडी पिवळट तपकिरी आणि मऊ झालेली असते, मुडपली तर कडकन मोडत नाही. तास-दोन तास पसरून वास उडू दिला की गाई खातात, आधी दोन दिवस कुरकुर करतात तेवढीच. प्रथिनं 7-8 टक्क्यांपर्यंत जातात. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना मात्र हे अजिबात देत नाही.

आता प्रश्न इथून पुढे. बांधावर सुबाभूळ भरपूर आहे, पाल्यात प्रथिनं 20 टक्क्यांच्या वर, पण त्यात मिमोसिन हा विषारी घटक असतो. एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशाच्या आत ठेवा असं सगळे सांगतात. जास्त दिवस जास्त दिलं तर केस झडणं, लाळ गळणं, गलगंड असे त्रास होतात हे माहितीये. ऑस्ट्रेलियात 1980 च्या दशकात हवाईमधल्या जनावरांच्या कोठीपोटातले जीवाणू आणून तिथल्या गुरांना दिले आणि त्यांना सुबाभूळ पचायला लागली. त्या जीवाणूला पुढे सिनर्जिस्टिस जोन्सी नाव मिळालं. आपल्या गाईंच्या पोटात असे जीवाणू आहेत की नाहीत हे गोठ्यात बसून कसं ओळखायचं? केस झडायच्या आधी दिसणारं एखादं लक्षण असतं का? आणि गाभण गाईला सुबाभूळ द्यावी की पूर्ण बंद ठेवावी?

दुसरं म्हणजे वेड्या बाभळीच्या पिकलेल्या पिवळ्या शेंगा. पाल्याला गाय तोंड लावत नाही पण शेंगा आवडीने खाते, साखर भरपूर, प्रथिनं 12 टक्क्यांच्या आसपास. अख्ख्या दिल्या तर बी तसंच्या तसं शेणातून बाहेर पडतं, म्हणजे बियांतली प्रथिनं वाया आणि वर उकिरड्यावर, रानात सगळीकडे काटेरी झाडं. दळायला घेतल्या तर साखरेमुळे चिकट होऊन जाळीच बुजते. कडक उन्हात खळखळ वाजेपर्यंत वाळवून मग दळायच्या एवढं कळलंय, त्याहून सोपं काही करता का कोणी? आणि महिनोन्‌महिने निव्वळ शेंगांवरच राहिलेल्या गुरांच्या जबड्याचे स्नायू झिजतात, रवंथ नीट होत नाही, तोंड वाकडं होतं हे ब्राझीलमध्ये दिसलंय, त्यामुळे खुराकात 20-30 टक्क्यांपुढे जायची माझी हिंमत नाही.

तिसरं बिनकाट्याचं निवडुंग. जवळजवळ 90 टक्के पाणीच, त्यामुळे पाण्याची तहान भागते, पण प्रथिनं कमी आणि नुसतं दिलं की शेण पातळ होतं. माझा विचार असा की निवडुंगातली साखर आणि पेंढ्यातला युरिया एकाच वेळी पोटात गेले तर जीवाणूंना दोन्ही सोबत मिळेल. बारीक कापून पेंढ्यात कालवून देणारं कोणी आहे का, आणि किती प्रमाणात?

अजून एक शंका. देशी बाभळीच्या शेंगांतला टॅनिन हा तुरट घटक प्रथिनं बांधून ठेवतो. मग त्या सुबाभळीच्याच दिवशी दिल्या तर सुबाभळीचा फायदा मारला जाईल का? की सकाळ-संध्याकाळ वेगळं दिलं तर चालतं?

अझोला (पाण्यावर तरंगत वाढणारी, चारा म्हणून देतात ती वनस्पती) कृपया सुचवू नका. 2 किलो ओला अझोला म्हणजे कोरडा जेमतेम 100-150 ग्रॅम, आणि त्याच्या खड्ड्यातलं पाणी या उन्हात रोज आटतं. ते पाणी गाईंना पाजलेलं बरं.

वासरांसाठी वेगळं सांगा. सरकी पेंड तिच्यातल्या गॉसिपॉल या विषारी घटकामुळे त्यांना टाळतोय, युरिया नाही, सुबाभूळ द्यायला मन धजावत नाही. शेवग्याचा पाला वाळवून देण्याचा विचार आहे, कितव्या महिन्यापासून सुरू करावा?

उत्तर देताना दुधातल्या गाईचं आणि भाकड गाईचं प्रमाण वेगवेगळं लिहा, आणि जुन्या चाऱ्यावरून नव्यावर यायला किती दिवस घेतले तेही. मी दहा-पंधरा दिवस धरून चाललोय. पेंढ्याचा पुढचा थर येत्या आठवड्यात दाबायचाय, तेव्हा निवडुंगाबद्दल माहीत असेल त्यांनी तेवढं आधी लिहा प्लीज.