पत्नीच्या पश्चात शिधापत्रिका आणि मुलांचा आहार: वडिलांनी नेमके कुठे जावे?

बालाघाटकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात माझी सव्वादोन एकर कोरडवाहू जमीन आहे. गेल्या चैत्रात माझ्या पत्नीचे आजारपणात निधन झाले. घरात 11 आणि 7 वर्षांच्या दोन मुली, 19 महिन्यांचा मुलगा, माझी आई आणि मी असे पाच जण आहोत. 2025 च्या सप्टेंबरमधील अतिवृष्टीत सोयाबीन शेतातच कुजले, आणि तेव्हापासून घरात येणारे धान्य हे मजुरीवर अवलंबून आहे.

आमची शिधापत्रिका केशरी आहे. तिच्यावर पत्नी, मी आणि दोन मुली अशी चार नावे आहेत. मुलाचे नाव घालायचे राहून गेले आणि आईचे नाव थोरल्या भावाच्या पत्रिकेवर आहे. शेतकरी म्हणून धान्याऐवजी मिळणारे माणशी 170 रुपये पत्नीच्या खात्यात जमा होत असत. ती गेल्यानंतर कार्यालयात चौकशी केली असता, कुटुंबप्रमुख स्त्रीच असावी लागते आणि तुमच्या घरात पत्रिकेवर सज्ञान स्त्री नाही, एवढेच उत्तर मिळाले. अंगणवाडीतही नोंद मुलाच्या आईच्या नावाने आहे. तेथे एकदा गेलो तेव्हा सगळ्या बाया बसलेल्या होत्या, मी उंबऱ्यातूनच परत आलो हेही प्रामाणिकपणे सांगतो. त्यानंतर दोन वेळा थोरल्या मुलीला पाठवले, पण त्यात तिची शाळा बुडते.

माझा प्रश्न असा आहे की, आई नसलेल्या घरात हे लाभ वडिलांना मिळतात की नाही, आणि मिळत असतील तर सुरुवात कोणत्या कागदापासून करावी?

जुना कारकून, लातूर

मी पुरवठा शाखेतून निवृत्त झालो आहे, म्हणून या विषयावर थोडे सविस्तर लिहितो. तुम्हाला मिळालेले उत्तर अर्धे खरे आहे, आणि अशी अर्धी उत्तरेच माणसाला सहा महिने हेलपाटे घालायला लावतात. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा 2013 च्या कलम 13 नुसार शिधापत्रिकेसाठी घरातील 18 वर्षे किंवा त्याहून अधिक वयाची सर्वांत ज्येष्ठ स्त्री ही कुटुंबप्रमुख मानली जाते. मात्र त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात असेही लिहिले आहे की, घरात सज्ञान स्त्री नसेल आणि अल्पवयीन मुलगी असेल, तर सर्वांत ज्येष्ठ पुरुष हा कुटुंबप्रमुख राहील आणि ती मुलगी 18 वर्षांची झाली की प्रमुखपद तिच्याकडे जाईल. म्हणजे आज तुम्ही प्रमुख होऊ शकता आणि सात वर्षांनी तुमची थोरली लेक होईल. अर्जात कलमाचा क्रमांक लिहा. क्रमांक लिहिलेला अर्ज टेबलावरून सहसा तोंडी परत फिरवत नाहीत.

तुमच्या घरात मात्र आणखी एक वाट आहे. तुमच्या मातोश्री तुमच्याकडेच राहत असतील, तर त्यांचे नाव भावाच्या पत्रिकेवरून कमी करून तुमच्या पत्रिकेवर घेता येईल आणि मग कायद्याने त्याच कुटुंबप्रमुख होतील. यात तुमचे एक युनिट (म्हणजे पत्रिकेवरचा एक माणूस) वाढते आणि भावाचे एक कमी होते. त्यामुळे हा विषय आधी घरात बोलून मिटवावा, कारण युनिटावरून भावकीत अबोला धरलेली माणसे मी नोकरीत पुष्कळ पाहिली आहेत.

कोणतीही वाट धरलीत तरी पत्नीचा मृत्यू दाखला जोडून त्यांचे नाव कमी करणे, मुलाचा जन्म दाखला जोडून त्याचे नाव वाढवणे आणि कुटुंबप्रमुख बदलणे ही तिन्ही कामे एकाच फेरीत करा. मयताचे नाव पत्रिकेवर तसेच ठेवू नये, कारण पुढे चौकशी निघाली तर दोष तुमच्याकडे येतो. प्रत्येक अर्जाची तारखेसह पोच घ्या. लोकसेवा हक्क अधिनियम 2015 खाली दाद मागण्याची वेळ आली तर ती पोच हाच तुमचा आधार असेल.

आता पैशांविषयी. मराठवाड्यातील आठही जिल्हे, अमरावती विभागातील पाच आणि वर्धा अशा 14 जिल्ह्यांतील केशरी पत्रिकाधारक शेतकऱ्यांना 2015 पासून सवलतीचे धान्य मिळत होते. 2023 च्या जानेवारीपासून त्याऐवजी माणशी दरमहा 150 रुपये सुरू झाले आणि 2024 मध्ये ती रक्कम 170 झाली. पाच किलो धान्याऐवजी 170, म्हणजे किलोला 34 रुपये. नव्या प्रमुखाचे बँक खाते आधारशी जोडून ते आणि बारा अंकी शिधापत्रिका क्रमांक एकाच अर्जात द्या.

माझे स्वतःचे मत विचाराल, तर तुम्ही प्राधान्य कुटुंबात समावेशासाठीही अर्ज करावा. ग्रामीण भागासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 44,000 रुपये आहे. उत्पन्नाचा दाखला तलाठ्याच्या अहवालावर निघतो (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे, पण गावात अजून तलाठीच म्हणतात). प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो धान्य मिळते आणि 2023 पासून ते मोफत आहे. मुलगा आणि मातोश्री धरून पाच जणांचे 25 किलो होईल. खात्यात आलेला पैसा औषधाला, उधारीला जातो, पण कणगीत पडलेले धान्य पोरांच्या पोटातच जाते. भाकरी ज्वारीची लागते आणि कंट्रोलवर बहुधा गहू-तांदूळ मिळतो, ही आपल्या भागाची जुनी तक्रार आहेच. इष्टांक (लाभार्थ्यांची ठरवून दिलेली संख्या) पूर्ण झाला आहे असे सांगितले तरी अर्ज देऊन ठेवा, कारण अपात्र पत्रिका वगळल्या की जागा रिकाम्या होतात आणि त्या वेळी ज्याचा अर्ज आधीपासून दप्तरी आहे त्याचाच विचार होतो. नकार मिळाला तर कारण लेखी मागा. त्यापुढे याच कायद्यातील कलम 15 नुसार जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे जाता येते आणि 1967 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

अंगणवाडीतली ताई, परभणी

दादा, कारकून काकांनी पत्रिकेचे सगळे लिहिलेच आहे, मी फक्त लेकराविषयी लिहिते. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला मिळणारा घरपोच आहार हा त्या मुलाचा हक्क आहे. आईची नोंद असते ती ओळखीपुरती. घरपोच आहार देताना आता पोषण ट्रॅकरवर (आमच्या नोंदींच्या मोबाइल ॲपवर) चेहरा पडताळणी करावी लागते. त्यामुळे मुलाच्या नोंदीत पालक म्हणून तुमचे आधार आणि तुमचे छायाचित्र घालून घ्या, म्हणजे दर वेळी अडचण येणार नाही. मुलाचे बाल आधार अजून काढले नसेल तर तेही काढा. पाच वर्षांखालील मुलासाठी बोटांचे ठसे लागत नाहीत.

उंबऱ्यातून परत फिरू नका. माझ्याकडे दोन आजोबा आणि एक वडील नियमित येतात. पहिल्या दिवशी बाया पदर सावरून गप्प बसल्या, आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्यापैकीच एकीने त्या वडिलांना आहाराचे पीठ कसे शिजवायचे ते समजावून सांगितले.

आहार घ्यायला जाल तेव्हा मुलाचे वजन, उंची आणि दंडघेर मोजून मागा. दंडघेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर मूल तीव्र कुपोषित धरले जाते, आणि 11.5 ते 12.5 च्या दरम्यान असेल तर मध्यम. तसे निघाल्यास मुलाला ग्राम बाल विकास केंद्रात दाखल करून घेण्याविषयी सेविकेशी आणि आशाताईंशी बोला. आईचे दूध लवकर तुटलेल्या लेकराकडे आम्ही जरा जास्तच लक्ष ठेवतो. घरपोच आहार त्या एकट्या मुलाचा असतो, पण प्रत्यक्षात तो घरातल्या सगळ्या पोरांत वाटला जातो आणि धाकट्याच्या वाट्याला दोन चमचे येतात. हे मी दोष म्हणून सांगत नाही, कारण गरिबीच्या घरात असेच होते. तुमच्या मुली इयत्ता आठवीच्या आतल्या असल्यामुळे त्यांना शाळेत दुपारचे जेवण मिळतेच. म्हणूनच थोरलीची शाळा बुडवणे दुहेरी नुकसानीचे आहे. दुष्काळ जाहीर झालेल्या भागात उन्हाळी सुट्टीतही शाळेत जेवण द्यावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2004 चा आदेश आहे, तेवढे लक्षात ठेवा.

अर्धा कोयता

माझीही गत तुमच्यासारखीच आहे. मी ऊसतोडीला जातो, आणि तोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडे एक कोयता म्हणतात. मंडळी गेल्यापासून मुकादमाच्या वहीत मी अर्धा कोयता आहे आणि उचलही (आगाऊ रक्कम) त्याच हिशेबाने मिळते. दिवाळीनंतर कारखान्यावर जाण्याचा विचार तुमच्या मनात येत असेल, तर दोन गोष्टी आधी पाहा. शाळेत हंगामी वसतिगृह मंजूर आहे का ते मुख्याध्यापकांना विचारा. तेथे स्थलांतरित पालकांच्या मुलांची सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची सोय होते, त्यामुळे माझी मुले आजीजवळ राहून शिकू शकली. दुसरे म्हणजे पत्रिका प्राधान्य किंवा अंत्योदय असेल, तर त्याच पत्रिकेवर कोल्हापूर-सांगलीकडेच नव्हे, तर कर्नाटकातल्या दुकानातही अंगठा लावून धान्य उचलता येते. केशरीवर ते होत नाही. काकांनी प्राधान्यासाठी अर्ज करा असे जे सांगितले, त्याचे मोल मला फडावर कळले.

आणखी एक. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत आई किंवा वडील यांपैकी एक जण हयात नसलेल्या मुलासाठी दरमहा 2,250 रुपये मिळतात. ही योजना फक्त विधवा मातांची आहे असा आमच्या गावात समज होता, माझाही होता. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात द्यायचा आणि मंजुरी बालकल्याण समिती देते. मला वेळ लागला, पण मिळाले.

बालाघाटकर

आपण सर्वांनी एवढ्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. काल रात्री भावाशी बोललो. आईचे नाव आमच्याकडे घ्यायला त्याची हरकत नाही, फक्त वहिनींनी विचारले की पुढे आई पुन्हा त्यांच्याकडे राहायला आल्या तर युनिट परत फिरवता येईल का. काका, हे होते का?

जुना कारकून, लातूर

होते. जसे इकडून कमी करून तिकडे वाढवले, तसेच उलटही करता येते. फक्त मधल्या काळात आजींचे नाव दोन्ही पत्रिकांवर राहू देऊ नका आणि नाव कमी केल्याचा दाखला जपून ठेवा.

बालाघाटकर

ठीक आहे. सोमवारी आईला सोबत घेऊन तहसीलला जातो. अंगणवाडीत आज सकाळी गेलो होतो. मुलाचा दंडघेर 12.1 भरला. सेविकाताईंनी नोंदीत माझे आधार घातले आहे आणि आठवड्याने पुन्हा मोजायला बोलावले आहे.