निर्बंधित प्रदेशात मदतनिधी: सूट असूनही बँक पैसे का अडवते?

प्रश्न: येमेनमधील एका दवाखान्याच्या औषधांसाठी आम्ही पाठवलेली डॉलरमधील रक्कम मध्यस्थ बँकेने अडवून धरली आहे. सुरक्षा परिषदेच्या 2022 च्या ठराव 2664 नुसार मानवतावादी मदतीला सूट असताना असे का व्हावे? हवालामार्गे पैसे पाठवणे कितपत सुरक्षित आहे?

उत्तर 1: तो ठराव केवळ संयुक्त राष्ट्रांच्या मालमत्ता गोठवण्याच्या निर्बंधांपुरता आहे. डॉलरचा व्यवहार बहुधा अमेरिकेतील बँकेतून जात असल्यामुळे तेथील नियम लागू होतात, आणि त्यात सर्वसाधारण परवाना (वेगळा अर्ज न करता ठरावीक व्यवहारांना मिळणारी सरसकट परवानगी) असला तरी अशा व्यवहारातून मिळणारे किरकोळ शुल्क संभाव्य दंडापुढे नगण्य असल्याने बँक हात आखडता घेते. शिवाय अरबी नावांची रोमन वर्तनी एकसारखी नसते. वडिलांचे नाव व जन्मतारीख दिली नाही, तर निर्दोष पुरवठादाराचे नावही निर्बंधांच्या यादीतील व्यक्तीशी जुळू शकते. परवान्याचा संदर्भ, बीजक आणि वाटपाची योजना बँकेला आधीच द्यावी.

उत्तर 2: हवाला सरसकट बेकायदा नाही, नियम देशागणिक बदलतात. हवालादाराची पडताळणी करावी आणि लाभार्थ्याची पोच मिळाल्यावरच हिशेब चुकता करावा. येमेनमधील एडन व सना या शहरांतील रियालच्या (तेथील चलनाच्या) दरांत मोठी तफावत असल्याने करारात दर व ठिकाण दोन्ही नमूद करावीत. नाहीतर दरातील फरकाने होणारे नुकसान बहुधा लेखापरीक्षणातच उघड होते.

उत्तर 3: मात्र चौकशी टाळण्यासाठी रकमेचे तुकडे करू नयेत, कारण त्यानेच संशय बळावतो. दात्याशी करार करतानाच अडकलेल्या रकमेची जोखीम कोणाची, हे लिहून घ्यावे.