घरातले वळण आणि कामावरचे मतभेद

प्रश्न: आमच्या गटाच्या प्रमुख कामात अतिशय तत्पर आहेत, परंतु बैठकीत कोणा दोघांचा आवाज जरा चढला की त्या विषयच बदलतात आणि नंतर प्रत्येकाला वेगळे भेटून समजूत घालतात. मूळ वाद तसाच राहतो. माणूस घरात जे पाहत वाढतो, त्याचा अशा वागण्याशी खरोखर संबंध असतो का?

उत्तर १: असू शकतो. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन (१९१३–१९९०) यांनी कुटुंबाकडे एक भावनिक व्यवस्था म्हणून पाहिले आणि तोच विचार कामाच्या ठिकाणालाही लागू केला. दोघांमधला ताण सोसेनासा झाला की तिसऱ्याला मध्ये ओढले जाते आणि तिघांचा त्रिकोण तयार होतो, असे ते मांडतात. आईवडिलांच्या अबोल्यात ज्या मुलाने निरोप पोहोचवले, ते मोठेपणी अधिकारपदावर गेल्यावरही आपसूक तीच मधली जागा घेते, असे मला अनेकदा दिसले आहे. तुम्ही सांगता त्या वेगळ्या भेटी याच त्रिकोणात बसतात.

उत्तर २: इतका थेट निष्कर्ष मला धोक्याचा वाटतो. एकाच घरात वाढलेल्या भावंडांपैकी एक वाद टाळते, दुसरे तो अंगावर घेते. शिवाय स्पष्ट बोलणाऱ्याचे पुढे नुकसान होत असेल, तर तिथे कोणीही विषय बदलेल. सहकाऱ्याच्या बालपणाचे निदान आपण करू नये.

उत्तर ३: निदान नकोच. मात्र प्रमुख पुढच्या वेळी वेगळ्या भेटल्या की, "ज्यांच्याशी वाद आहे, त्यांच्यासमोरच हे आपण बोलूया का?" असे नम्रपणे विचारून पाहा, आणि तेव्हा स्वतःचा आवाज शांत ठेवा.